मेलेल्या नवऱ्याची पत

बाई मेली आहे हे बाईला कळलं, तेव्हा ती बँकेतल्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या नखांत प्लास्टर होतं.

समोरचा कर्ज विभागातला माणूस तसा सज्जन होता. गळ्यात टाय, टायला चिमटा, टेबलावर पाण्याची बाटली. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे, आणि अवघडून विचारलं, "मॅडम, खातेदार तुम्ही स्वतःच ना?"

"मग काय माझी जुळी बहीण आलीय?"

"तसं नाही हो. तुमच्या नावापुढे 'मयत' असा शेरा दिसतोय."

बाई हसली. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांत डोकं घालून बसणाऱ्या माणसाला हसायला काही मिळालं की सोडवत नाही. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं, टायवाला हसत नव्हता. त्याने आपली खुर्ची वीतभर मागे घेतली होती. का घेतली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

बाई कवळ्या बनवायची. तीस वर्षं हाच धंदा. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे लांबट खोली होती. पुढे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायचे. मागे बाई त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा तयार करायची, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि मेणात एकेक दात बसवायची. पेशंट तिला कधी दिसत नसत. दिसत ते त्यांचे जबडे, फळीवर ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा. रस्त्यात कुणी तोंडभर हसलं की ही मनात म्हणायची, अरे, हा तर तीनशे बारा! नवा माणूस त्या खोलीच्या दाराशीच थबकायचा. बाईला मात्र तिथे घरच्यापेक्षा बरं वाटायचं. जबडे थापा मारत नाहीत.

आता डॉक्टर थकले होते. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "बाई, दहा महिन्यांनी मी दुकान बंद करणार. मागची खोली, भट्टी, कवळ्या दाबायची प्रेस, सगळं सामान सहा लाखांत तुम्हाला देतो. तुम्ही नाही घेतलंत, तर ती मशीनवाली मोठी लॅब टपलेलीच आहे." मशीनवाल्या लॅबमध्ये दात कंप्युटर घडवायचा. बाईला तिथे जागा मिळाली असती, ती तयार दात खोक्यांत भरायला. तीस वर्षांचा हात घेऊन पन्नाशीनंतर खोकी भरायची, हे तिला मुळीच पटत नव्हतं. सहा लाख तिच्याजवळ नव्हते. म्हणून ती बँकेत आली होती, आणि बँकेच्या लेखी ती जिवंतच नव्हती.

खरा मेला होता तो तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी. देखणा, बोलघेवडा, कामाचा कंटाळा आणि योजनांची हौस असलेला माणूस. आज पाण्याचे फिल्टर, उद्या व्यायामाच्या सायकली, परवा कॉफीची यंत्रं. असून अडचण नसून खोळंबा, त्यातला. एका सकाळी तो बसमध्ये खिडकीशी बसला आणि बसल्या बसल्याच गेला. कुणाला कळलंसुद्धा नाही. शेजारच्या जागेवर माणसं बसली, उठली. एका मुलीने म्हणे त्याला किती वाजले तेही विचारलं. कंडक्टरला वाटलं, डुलकी लागलीय. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तेव्हा तो एकटाच उरला होता, तिकीट हातात धरून. कॉफीच्या यंत्रांसाठी त्याने मोठं कर्ज काढलंय आणि त्यात बायको सहकर्जदार आहे, हे बायकोला पुढच्या आठवड्यात समजलं. कागदावर तिची सही होती. तिने ती केलेली नव्हती.

मरण्याआधी त्याने आठ हप्ते थकवले होते. पुढे काही कर्ज विम्यातून फिटलं, काही बाईने स्कूटर विकून आणि साठवलेलं मोडून फेडलं. बँकेने ते कर्ज बंद केलं. बंद करताना कुठल्याशा कारकुनाने 'मयत' हा शेरा एका नावापुढे टाकायचा तो दोन्ही नावांपुढे टाकला. खातं संयुक्त, तर मरणही संयुक्त.

"आता ह्याला उपाय?" बाईने विचारलं.

"ओळखपत्र, अर्ज आणि हयातीचा दाखला द्या, शेरा निघेल. पण..." टायवाला घुटमळला. "तो निघाला की ते आठ थकलेले हप्ते तुमच्या नावावर पुन्हा दिसायला लागतील. मयत आहात तोवर डाग नाही. जिवंत झालात की आहे."

"म्हणजे मेले होते तेच बरं म्हणायचं."

"मयत माणसाला कर्ज देता येत नाही, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला.

मग त्याने तिला रस्ता सांगितला. बँकेत वीस हजारांची मुदत ठेव ठेवायची. बँक ती अडकवून ठेवणार आणि तिच्या भरवशावर एक क्रेडिट कार्ड देणार. कार्डावर दर महिन्याला थोडीशीच खरेदी करायची, मर्यादेच्या पाव हिश्शाच्या आत, आणि तारखेच्या आधी सगळं बिल चुकतं करायचं. एक दिवसाचाही उशीर चालायचा नाही. असं आठ-नऊ महिने केलं की पत मोजणारा तो आकडा, स्कोअर, वर चढतो.

"म्हणजे माझेच पैसे मी तुमच्याकडे ठेवायचे, आणि तुम्ही ते मलाच उधार देणार," बाई म्हणाली.

"बरोबर."

"आणि मी ते वेळेवर परत केले, की तुम्ही म्हणणार, बाई भली आहे."

"अगदी बरोबर," टायवाला खूश होऊन म्हणाला. दात कोरून पोट भरत नाही, असं बाईच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं आणि अर्जावर सही केली.

शेरा निघायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत बाईला चमत्कारिक अनुभव यायला लागले. बँकेचं काचेचं दार माणूस जवळ गेला की आपोआप उघडायचं. ते तिच्यासाठी उघडेना. ती समोर उभी राहायची, हात हलवायची, एक पाऊल मागे जाऊन पुन्हा पुढे यायची, आणि मागून दुसरं कुणी आलं की त्याच्या पाठोपाठ आत शिरायची. चौकशीच्या नंबरावर फोन केला, की रेकॉर्ड केलेला आवाज तिचा ग्राहक क्रमांक विचारायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "या खातेदाराच्या निधनाबद्दल आम्हांला खेद आहे. आपण वारस असाल तर एक दाबा." तिसऱ्या वेळी तिने एक दाबला. करते काय? स्वतःची वारस म्हणून तिला रांगेत अकरावा नंबर मिळाला. फोन कानाशी धरून ती फळीवरच्या जबड्यांकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, आपणही ह्यांच्यातल्याच.

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही," घरी येऊन ती नणंदेला म्हणाली.

"काहीतरीच अभद्र बोलू नका, वहिनी," नणंद म्हणाली.

नणंद तिच्याजवळच राहायची. लग्न केलं नव्हतं, घरी बसून लहान मुलांचे कपडे शिवायची, आणि तिचा सगळा जीव मोठ्या भावावर. तो गेल्यापासून तिने त्याच्या चपला दाराशी तशाच ठेवल्या होत्या. बाई रोज सकाळी त्या पायाने कोपऱ्यात सारायची आणि संध्याकाळी त्या पुन्हा जागेवर असायच्या, पुढची टोकं घराकडे करून. ह्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. नणंद दादासाठी अजून रडायची. बाई एकदाही रडली नव्हती. रडायला वेळ कुठे होता, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं. जो माणूस बायकोची सही चोरतो, त्याच्यासाठी कसले डोळे ओले करायचे? ती चिडलेली होती, आणि चिडलेलं राहणं तिला सोयीचं पडत होतं.

शेरा निघाला, कार्ड आलं. बाईने शिस्त लावून घेतली. पाच तारखेला कोपऱ्यावरच्या दुकानातून महिन्याचा चहा, साखर, तेल, साबण कार्डावर घ्यायचं. बिल आलं की त्याच दिवशी जाऊन भरायचं. दुकानदार म्हणायचा, "रोखच द्या की वहिनी, यंत्राला वेळ लागतो." ती म्हणायची, "यंत्रालाच तर दाखवायचंय, मी आहे म्हणून." असे चार महिने गेले. बँकेचं दारही आता तिच्यासाठी उघडायला लागलं.

पाचव्या महिन्यात ती कामावरून घरी आली, तेव्हा नणंद दारातच उभी होती. तिच्या हातात एक फोडलेलं पाकीट होतं आणि चेहरा उजळला होता.

"वहिनी, दादाचं पत्र आलंय."

ती हे असं म्हणाली, की बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पत्र दादाला आलेलं होतं, दादाकडून नव्हे. बँकेचं. वर त्याचं पूर्ण नाव आणि खाली: प्रिय ग्राहक, नियमित परतफेडीबद्दल आपलं अभिनंदन. आपल्यासारख्या जबाबदार ग्राहकाचा आम्हांला अभिमान वाटतो.

"जबाबदार!" बाई एवढंच म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

पण ते तिथेच थांबलं नाही. पुढच्या महिन्यात एक जाड पाकीट आलं. त्यात एक कोरं करकरीत कार्ड होतं, त्याच्या नावाचं, उठावाच्या अक्षरांत. घरच्या दुसऱ्या माणसासाठी बँकेकडून मोफत. नणंदेने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, कार्ड पुसलं आणि त्याच्या शर्टांच्या कपाटात ठेवून दिलं. मग फोन यायला लागले. "सर आहेत का?" "नाहीत," बाई म्हणायची. "कधी भेटतील?" ह्याला काय उत्तर द्यायचं! एकदा फोन नणंदेने घेतला. बाई आतून ऐकत होती. नणंद सहज, घरचं कुणी कामाला गेल्यावर सांगतात तसं सांगत होती, "संध्याकाळी करा. तेव्हा असतो."

काय घोटाळा झालाय, हे बाईच्या कधीच ध्यानात आलं होतं. तिचा शेरा पुसताना बँकेने त्याचाही पुसला होता. ग्राहक क्रमांक जुनाच, दोघांचा. तेव्हा ती भरत असलेलं प्रत्येक बिल दोघांच्या नावावर चढत होतं. बँकेत जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगितलं, आणि त्या शहाण्यांनी पुन्हा दोघांच्याही नावापुढे मयत लिहिलं तर? महिने उरले होते तीन. खोली हातची गेली असती. म्हणून बाई गप्प बसली. नवरा कागदोपत्री जिवंत असला तर असू दे, खायला तर मागत नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

सातव्या महिन्याचं बिल नेहमीपेक्षा थोडं जास्त आलं. बाई काटेकोर, तिने दुकानाची पावती काढून एकेक ओळ ताडून पाहिली. चहा, साखर, तेल, कपड्यांचा साबण. आणि खाली, दाढीचा साबण. हिरव्या डबीतला. तो वापरायचा तोच.

ती तडक दुकानात गेली. "हा तुम्ही चुकून टाकलात का हो?"

"मी कशाला टाकू?" दुकानदार म्हणाला. "तुम्हीच फळीवरून काढून समोर ठेवलात. मी तेव्हा म्हणणारही होतो काहीतरी, पण मग नाही म्हटलं."

बाई पायऱ्यांवर जरा वेळ उभी राहिली. तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं. वीस वर्षं हाताला वळण पडलेलं, त्या हाताने आपोआप डबी काढली असेल, असं तिने ठरवलं. घरी येऊन तिने न्हाणीघरात पाहिलं. हिरवी डबी आरशाखालच्या फळीवर होती. झाकण उघडलं, तर आतला साबण ओला होता. तिने नणंदेला विचारलं. नणंदेने शपथ घेऊन सांगितलं, मी हात लावला नाही, मला वाटलं तुम्हीच आणून ठेवलाय दादासाठी. ह्या 'दादासाठी'वर बाई रागावली नाही, हे तिला नंतर जाणवलं. ती डबी फेकायचीही तिला आठवण राहिली नाही.

आणि एक दिवस सकाळी निघताना तिने चपला कोपऱ्यात सारल्या नाहीत.

डॉक्टरांची मुदत बारा दिवसांवर आली, तेव्हा बाई पुन्हा बँकेत गेली. टायवाल्याची बदली झाली होती. त्याच्या खुर्चीत आता एक हसरी तरुण बाई बसलेली, वरचा उजवा सुळा किंचित फिरलेला. सवयीने बाईने आधी तो पाहिला आणि मग नमस्कार केला.

हसरीने आकडे काढले. "तुमचा सहाशे चौऱ्याण्णव. छान चढलाय, पण सहा लाखांना कमी पडतोय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला. "अहो, पण मिस्टरांचा बघा ना! सातशे एकसष्ट!"

"त्याचा कसा जास्त?"

"त्यांचं खातं जुनं आहे आणि एकही डाग नाही. मध्ये काही थकबाकी होती, ती माफ होऊन पुसलेली दिसतेय." मेल्याला माफी आणि जगलेलीला दंड, बाईच्या मनात आलं. हसरी पुढे म्हणाली, "आपण असं करू. त्यांना सहकर्जदार घेऊ. ह्या कागदावर त्यांची सही आणा, आठवड्यात पैसे खात्यात."

बाईने कागद घेतला आणि ती खोलीवर परत आली. दुपारची वेळ होती. पुढे दवाखाना बंद होता, मागे भट्टी तापत होती. बाईने कॉफीच्या यंत्रांच्या कर्जाचा जुना कागद काढला. त्याच्यावर दोघांच्या सह्या होत्या. त्याची खरी, तिची त्याने केलेली. आजवर तिने रागाच्या भरात ती सही नीट पाहिलीच नव्हती. आज पाहिली. बाईचं उजवं पहिलं बोट भट्टीने भाजून कायमचं ताठ झालेलं होतं, त्यामुळे सही करताना तिला मध्येच पेन उचलावं लागायचं आणि अक्षरांत केसाएवढी फट राहायची. त्याने ती फटसुद्धा काढली होती. नेमकी तिथेच, तेवढीच. त्या बोटाबद्दल ह्या माणसाने वीस वर्षांत एक अक्षर काढलं नव्हतं. मग त्याने हे पाहिलं कधी? किती कागद खराब केले असतील त्याने, किती दुपारी बसला असेल तो तिचा हात आठवत? आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई पुटपुटली.

मग तिने नव्या कागदावर त्याची सही केली. आधी रद्दीवर गिरवून पाहायची, असं तिने ठरवलं होतं. पण पेन टेकलं आणि सही होऊन गेली, पहिल्याच झटक्यात, शेपटीच्या वळणासकट. पेन मध्ये कुठेही उचललं गेलं नाही. ताठ बोट त्या वेळेपुरतं वाकलं होतं की काय, देव जाणे. बाईने दोन्ही सह्या शेजारी धरल्या आणि त्यांतली जुनी कुठली हे तिला सांगता येईना. ती पटकन उठली आणि तिने खोलीचं दार सताड उघडलं.

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद हसरीपुढे ठेवला.

"मिस्टर नाही आले?"

"कामावर गेलेत," बाई म्हणाली. बोलणं इतकं सरळ निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"तब्येत वगैरे ठीक ना त्यांची? विम्यासाठी विचारावं लागतं."

"बरी आहे."

आणि हे म्हणताना बाईला खरोखरच बरं वाटलं. घरचं माणूस सुखरूप आहे, संध्याकाळी येईल, दाढीचा साबण संपत आलाय तेवढा आणायला हवा. हे सगळं क्षणात मनात येऊन गेलं आणि मग ती घाबरली. इतकी घाबरली, की टेबलाची कड तिने घट्ट धरली.

हसरी शिक्का उचलत होती. "झालंच मग. साठ हप्ते. पाच वर्षं दोघांनीही धडधाकट राहायचं, बाकी काळजी नाही!"

पाच वर्षं. म्हणजे पाच वर्षं त्याला मरता येणार नव्हतं. पत्रं येणार, नणंद ती फोडून वाचून दाखवणार, फोनवर संध्याकाळी करा म्हणून सांगणार. बाईला ती बस दिसली. शेजारी माणसं बसतायत, उठतायत, कुणी वेळ विचारतंय, आणि तो खिडकीशी बसलाय. त्या दिवशी निदान कंडक्टरला माहीत नव्हतं. इथे सगळं माहीत असून तीच त्याला बसवून फिरवायला निघाली होती, आणि शेजारची जागाही तिचीच होती.

"थांबा," ती म्हणाली. "तो मेलाय."

हसरीचा शिक्का हवेतच राहिला. "अगंबाई! आत्ता?"

"तीन वर्षं होत आली. ही सही मी केलीय." बाईने कागद ओढून घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि ते स्वतःच्या पर्समध्ये कोंबले. "त्याच्या नावापुढे मयत लिहा."

हसरीचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तिने आवाज दिला नाही, साहेबांना बोलावलं नाही, एवढे तिचे उपकार. ती हळूच म्हणाली, "मावशी, मी लिहीन. पण खातं संयुक्त आहे. मी एकावर शेरा टाकला तरी सिस्टिम दोघांवर टाकते. दोघांपैकी कोण, हे विचारायची त्यात सोयच नाही."

"मग ती सोय करा. मी बसते."

"इथे?"

"मेलेल्या माणसाला वेळच वेळ असतो," बाई म्हणाली.

शेरा पडला, आणि अर्थातच दोघांवर पडला. दुसऱ्या दिवशी बँकेचं दार बाईसाठी उघडलं नाही. पहारेकऱ्याने आतून येऊन ते हाताने उघडलं. बाई बाकावर बसली. नुसतं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिने काम बरोबर आणलं होतं. उघडझाप करणारं पितळी जबड्याचं यंत्र, मेण, सुरी, दातांची डबी. अकरा वाजता बसायची, चारला उठायची. पैसे भरायला आलेली माणसं शेजारी टेकायची, बघायची की ही बाई मांडीवरच्या जबड्यात एकेक दात रोवतेय, मध्येच तो जबडा उघडते, मिटते, कानाशी धरून टक्क आवाज ऐकते. आणि ती माणसं उठून दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची. पाचव्या दिवसापर्यंत त्या बाकावर तिच्याखेरीज कुणी बसेनासं झालं. मॅनेजर दोनदा समजवायला आले. दोन्ही वेळा बाईने शांतपणे विचारलं, "मी दिसते ना तुम्हाला? मग तसं लिहा."

दहाव्या दिवशी डॉक्टर स्वतः आले आणि बाकावर तिच्या शेजारी बसले. "बाई, त्या लॅबवाल्यांनी चेक दिला. मी अजून थांबलो असतो, पण खरं सांगू? माझ्यानेही आता होत नाही." बाईच्या हातातला दात मेणात तिरका गेला. तिने तो काढला आणि पुन्हा बसवला. तीस वर्षांची खोली गेली होती. डॉक्टर खाकरले. "भट्टी आणि प्रेस त्यांना नकोत. जुनी आहेत म्हणतात. अडीच लाखांत तुम्ही घ्या. तुमच्या घरी पुढच्या खोलीत मावतील." बाईने मान हलवली.

बाराव्या दिवशी हसरीनेच तिला हाक मारली. वरच्या कचेरीतून कुणीतरी दोघांचे ग्राहक क्रमांक वेगळे करून दिले होते. हसरीने पडदा बाईकडे वळवला. "वाचा. तुमच्या डोळ्यांनी वाचा."

दोन ओळी होत्या. एका ओळीत बाईचं नाव, पुढे हयात, पुढे सहाशे अठ्ठ्याऐंशी.

"थोडा उतरलाय," हसरी म्हणाली. "ह्यावर सहा मिळत नाहीत. अडीच मिळतील. करू?"

"करा."

दुसऱ्या ओळीत त्याचं नाव होतं. मयत. खातं बंद. अखेरचा स्कोअर सातशे एकसष्ट.

"हे मला छापून द्याल?"

"त्यांचं? त्याचा आता काय उपयोग, मावशी?"

पण तिने छापून दिलं. बाईने कागद दोन्ही हातांत धरला. "उभ्या जन्मात ह्याला कुणी एवढे मार्क दिले नाहीत," ती म्हणाली. "आणि ह्यातला एकसुद्धा त्याचा नाही. सगळे मी मिळवलेत." ती हसायला लागली, पण हसू मध्येच कुठेतरी अडकलं, आणि तिथेच, कर्ज विभागाच्या खुर्चीवर बसून, बाई हमसून हमसून रडायला लागली. हसरी उठून तिच्याजवळ आली आणि काय करावं ते न कळून नुसती तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"गेला हो माझा नवरा," बाई तिला सांगत होती. "गेला. बसमध्ये बसला होता, आणि तसाच गेला."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांना वाटलं, आत्ताच कुठून तरी निरोप आला असावा.